विहिरीवरची दुपार

योहानाच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय उघडला की ऊन लागतं. आधीच्याच अध्यायात निकदेम येशूला भेटायला येतो तो रात्री, कुणी पाहू नये अशा वेळी. त्याच्या पाठोपाठ योहान आपल्याला भर दुपारी शोमरोनातल्या सूखार गावाबाहेर आणून सोडतो. याकोबाची विहीर आहे. चालून दमलेला येशू तिच्यापाशी बसला आहे, शिष्य खायला आणायला गावात गेले आहेत, आणि एक बाई घागर घेऊन येते. एकटीच. बायका पाण्याला सकाळी येतात, संध्याकाळी येतात, घोळक्यानं येतात. ही बाराच्या उन्हात का आली, ते योहान सांगत नाही. येशू तिच्याकडे प्यायला पाणी मागतो आणि ती चमकते. यहुदी पुरुष शोमरोनी बाईकडे पाणी कसं काय मागतो? दोन्ही लोकांचा एकमेकांशी व्यवहार नव्हता. एका भांड्यातून पिणं तर दूरच.

ख्रिस्ती माणसाच्या श्रद्धेत पवित्र शास्त्राचं स्थान काय, असं कुणी विचारलं तर मी त्याला हा अध्याय वाचून दाखवीन. सिद्धांत मला ठाऊक आहे आणि तो मी मनापासून मानतो: शास्त्र देवाच्या प्रेरणेनं लिहिलं गेलं, असं पौल तीमथ्याला कळवतो. पण तो सिद्धांत ग्रंथाविषयी सांगतो. हा ग्रंथ माणसाच्या आत शिरतो कसा, आणि शिरल्यावर तिथं काय करतो, हे कळायला विहिरीवरच जावं लागतं.

महाराष्ट्रातली एक फार मोठी बाई या विहिरीवर गेली होती. पंडिता रमाबाई. अनंतशास्त्री डोंगऱ्यांची ही मुलगी लहानपणापासून पुराणं सांगत हिंडली. भागवताचे हजारो श्लोक तिला मुखोद्गत होते. आईवडील दुष्काळात गेले, बहीण गेली, आणि भावाबरोबर पायी फिरत ती 1878 साली कलकत्त्याला पोचली. तिथल्या पंडितांनी तिला मान दिला, पदव्या दिल्या. तिथल्याच ख्रिस्ती लोकांनी तिला संस्कृत बायबल भेट दिलं. संस्कृतात तिच्या तोडीचं वाचणारं माणूस त्या सभेत क्वचितच असेल, तरी त्या पानांवर तिचं मन बसलं नाही. भाषा वेगळी, सांगण्याची रीत वेगळी. पुढे लग्न होऊन ती सिल्चरला गेली, तेव्हा घरातल्या पुस्तकांत लूकचं शुभवर्तमान बंगालीत सापडलं. ते कुठून आलं, हे तिलाही आठवत नव्हतं. ते तिनं आवडीनं वाचलं, आणि तिथंही गोष्ट कुतूहलापर्यंतच थांबली.

मग 1883. पती वारलेला, कडेवर लहानगी मनोरमा, आणि मुक्काम इंग्लंडात वाँटेजच्या सिस्टरांकडे. त्यांनी तिला लंडनजवळ फुलहॅमचं आपलं काम दाखवायला नेलं. समाजानं टाकून दिलेल्या, ज्यांना जग ‘पतित’ म्हणे, अशा बायका तिथं राहत होत्या आणि दुसऱ्या बायका त्यांची मायेनं सेवा करत होत्या. रमाबाईंना नवल वाटलं. असं का करता, तुम्हाला हे कुणी शिकवलं, असं तिनं विचारलं. उत्तरादाखल एका सिस्टरनं योहानाचा चौथा अध्याय वाचून दाखवला. 1907 साली आपली साक्ष लिहिताना रमाबाईंनी हा प्रसंग नोंदवला आहे. तो अध्याय वाचल्यावर येशू हाच जगाचा तारक, विशेषतः पायाखाली तुडवलेल्या स्त्रीचा तारक, अशी तिची खात्री पटली. त्याच वर्षी 29 सप्टेंबरला मायलेकींचा बाप्तिस्मा झाला.

या प्रसंगापाशी मी फार रेंगाळतो. संस्कृत बायबल होतं, बंगाली शुभवर्तमान होतं, बुद्धी तर अशी की देशभरच्या पंडितांनी मान तुकवावी. आणि वचन उघडलं ते कुठं? जिथं त्या वचनाप्रमाणे वागणारी माणसं आधी डोळ्यांना दिसली तिथं. आधी भाकरी वाढणारे, जखमा धुणारे हात दिसले, मग त्या हातांच्या मागचं पान वाचलं गेलं. आपल्याकडे प्रचारकांनी बाजारांतून आणि आगगाड्यांतून शास्त्राच्या प्रती वाटल्या; त्याचं मोल मी कमी करत नाही. नारायण वामन टिळकांच्या हाती नवा करार आला तो 1893 साली रेल्वेच्या डब्यात, एका अनोळखी सहप्रवाशाकडून, आणि डोंगरावरच्या प्रवचनानं त्यांना धरलं ते सोडलं नाही. तसंही होतं. पण पुष्कळांच्या आयुष्यात शास्त्र येतं ते कुणाच्या तरी आवाजातून येतं.

माझ्या आजीला अक्षरओळख नव्हती. नगर जिल्ह्यातलं तिचं गाव. या भागात अमेरिकन मराठी मिशनचं काम 1831 पासूनचं, आणि गावोगावचे ख्रिस्ती झालेले लोक बहुतेक महार-मांग समाजातले. तिला शास्त्र कळलं ते कानांनी: पाळकांच्या उपदेशातून, पेटी-टाळाच्या साथीनं रंगलेल्या ख्रिस्ती कीर्तनांतून, रात्रीच्या भजनांतून. आणि शोमरोनी बाईची गोष्ट तिला कुणी समजावून द्यावी लागली नाही. गावच्या विहिरीवर चढायचं नाही, लांब उभं राहायचं, कुणीतरी वरून ओतील तेव्हा आपली घागर भरायची, हे तिच्या आईनं आणि आजीनं जन्मभर केलं होतं. महाडच्या चवदार तळ्याचं पाणी बाबासाहेब आंबेडकरांनी ओंजळीत घेतलं ते 20 मार्च 1927 रोजी; तोवर या देशात पाणी मागण्यालाही जात होती आणि पुढेही कितीतरी वर्षं राहिली. अशा घरातल्या बाईनं ऐकलं की देवाचा पुत्र विहिरीपाशी तहानेला बसला आणि ज्या बाईच्या भांड्याचा विटाळ मानायचा तिच्याकडेच त्यानं पाणी मागितलं. नुसतं दिलं असं नाही, मागितलं. आजी हे सांगताना मागितलं या शब्दावर थांबायची. देणारा देव तिला अनेकांनी सांगितला असता. मागणारा देव तिला या अध्यायात भेटला, आणि पुढचं सगळं ओझं तिनं त्या भेटीच्या बळावर वाहिलं.

उपदेशकांशी मात्र या अध्यायावरून माझं भांडण आहे. तिला पाच नवरे झाले होते आणि आता ज्याच्याकडे राहते तो नवरा नाही, एवढं येशू तिला सांगतो, आणि तेवढ्यावर व्यासपीठावरून तिचं चारित्र्य सोलून काढलं जातं. अध्याय पुन्हा वाचा. येशू तिला पापिणी म्हणत नाही. क्षमा केली असंही म्हणत नाही. त्या काळी सोडचिठ्ठी द्यायचा हक्क प्रामुख्यानं नवऱ्याचा. पाचातले किती मेले, कितींनी हाकलून दिलं, कुणास ठाऊक. शास्त्र जिथं गप्प आहे तिथं आपण बोलायला लागलो की आपल्याच मनातलं बाहेर येतं. आणि हीच बाई, जिला आपण खाली मान घालायला लावतो, ती येशूशी उपासनेबद्दल वाद घालते: आमचे पूर्वज या डोंगरावर भजत आले, तुम्ही म्हणता यरुशलेमात भजावं, खरं काय? धर्मशास्त्रातला तिच्या काळचा सगळ्यात कठीण प्रश्न ती घागर हातात धरून विचारते आणि तिला त्याचं पूर्ण उत्तर मिळतं. शिष्य परत येतात आणि हा बाईशी बोलतो आहे म्हणून आश्चर्य करतात. कुणी विचारायला धजत नाही.

असं वाचायला वेळ लागतो. एक वचन तोडून भिंतीवर टांगायला वेळ लागत नाही. यिर्मयाच्या एकोणतिसाव्या अध्यायातलं, देवाच्या मनात तुमच्या हिताच्याच योजना आहेत या अर्थाचं वचन आमच्या कितीतरी घरांत दिनदर्शिकेवर असतं. असावं, ते खरं आहे. पण ते ज्या पत्रात आहे ते बाबेलात बंदिवान होऊन पडलेल्या लोकांना लिहिलेलं आहे, आणि त्याच पत्रात त्यांना सांगितलं आहे की सत्तर वर्षं लागतील; घरं बांधा, बागा लावा, मुलांची लग्नं करा, ज्या नगरात तुम्हाला धरून नेलं त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा. ऐकणाऱ्यांपैकी बहुतेकजण परतीचा दिवस पाहायला जिवंत राहणार नव्हते. हे कळल्यावर वचनाचं बळ वाढतं, कमी होत नाही. नोकरी गेलेल्या किंवा तपासणीचे कागद हातात घेऊन बसलेल्या माणसाला त्या पूर्ण पत्रानं जेवढं धरून ठेवलेलं मी पाहिलं आहे, तेवढं सुट्या ओळीनं नाही. येशूच्या परीक्षेच्या वेळी सैतानही स्तोत्रसंहितेतलं वचनच पुढे करतो, हे मत्तयानं लिहून ठेवलं ते उगाच नाही.

आणि शोक. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र काळोखात सुरू होतं आणि काळोखातच संपतं. शेवटी कुठं उजेडाची तिरीप नाही. ते पवित्र ग्रंथात ठेवणाऱ्यांचे माझ्यावर उपकार आहेत. घरातलं माणूस गेल्यावर मंडळी येतात, धीर देतात, आणि श्रद्धावंतानं रडू नये असं कुणीतरी हमखास म्हणतं. तेव्हा हे स्तोत्र माझ्या बाजूनं बोललं.

काही वचनं मला अजून टोचतात. बायकांनी मंडळीत गप्प राहावं असं करिंथकरांस लिहिलेल्या पत्रात आहे, दासांनी धन्याच्या आज्ञेत राहावं असं इफिसकरांस लिहिलेल्या पत्रात आहे, आणि त्या ओळींचा आधार घेऊन माणसांनी माणसांना काय काय सोसायला लावलं ते इतिहासात आहे. मी ती पानं उलटून पुढे जात नाही. पण ती विहिरीपाशी नेऊन वाचतो, ज्या बाईशी प्रभू एवढं बोलला तिच्या शेजारी बसून वाचतो. शास्त्राचा अर्थ शास्त्रानंच लावायचा असेल तर मला दुसरी वाट दिसत नाही.

रमाबाईंनाही ही लढाई सोपी गेली नाही. बाप्तिस्म्यानंतर लवकरच इंग्लंडातल्या गुरुजनांशी त्यांचा पत्रव्यवहार तापला. चर्चनं ठरवलेलं ते तसंच मान, अशी अपेक्षा होती. रमाबाईंनी 1885 च्या आसपासच्या पत्रांत निक्षून कळवलं की आपल्या देशातल्या पुरोहितांचं जोखड मोठ्या कष्टानं उतरवलं आहे, आता दुसरं मानेवर घेणार नाही. शास्त्र मी माझ्या सदसद्विवेकानं वाचीन. त्या गुरुजनांतल्या सिस्टर जेराल्डिन यांना यात अहंकार दिसला. मला यात सूखारचे गावकरी दिसतात. ती बाई घागर तिथंच टाकून गावात धावत गेली, तिच्या सांगण्यावरून लोक आले, येशू त्यांच्यात दोन दिवस राहिला, आणि मग ते तिला म्हणाले की आता आमचा विश्वास तुझ्या बोलण्यामुळे नाही; आम्ही आपल्या कानांनी ऐकलं आहे. काहींना यात तिचा अपमान वाटतो. मला वाटतं, तिला याहून मोठं बक्षीस नव्हतं. सिस्टरनं रमाबाईंना तो अध्याय वाचून दाखवला नसता तर त्या विहिरीवर पोचल्या नसत्या. आणि पोचल्यावर सिस्टरचाच कान लावून ऐकत राहिल्या असत्या तर ती श्रद्धा उसनी राहिली असती. त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं आहे की ख्रिस्ती धर्म आपल्याला आधी सापडला, खुद्द ख्रिस्त काही वर्षांनी.

आणि मग त्यांनी जे केलं ते मला सगळ्यात प्रिय आहे. केडगावच्या त्यांच्या मुक्ती मिशनमध्ये दुष्काळातून आणलेल्या मुली, विधवा, टाकलेल्या बायका होत्या. त्यांना स्वतः वाचता यावं, पंडिताची गरज पडू नये, अशा सोप्या मराठीत संपूर्ण बायबल आणायचं रमाबाईंनी मनावर घेतलं. त्यासाठी हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. छापखाना मुक्तीतच, खिळे जुळवायचं काम तिथल्या मुलीच करत. ज्या हातांना शिवायला कुणी तयार नव्हतं त्या हातांनी उत्पत्तीपासून प्रकटीकरणापर्यंतची अक्षरं उचलून लावली. 1921 साली मनोरमा गेली, रमाबाई स्वतः खंगल्या होत्या, तरी काम थांबलं नाही. 5 एप्रिल 1922 रोजी त्या वारल्या. पूर्ण ग्रंथ 1924 साली बाहेर आला.

परवा आमच्या घरगुती प्रार्थनेत हाच अध्याय होता. पाळकसाहेबांनी वाचन संपवलं तशी कॉलेजात जाणारी एक मुलगी म्हणाली, “पण येशूला पाणी मिळालं का? तसं कुठं लिहिलेलंच नाही.” सगळ्यांनी आपापली पुस्तकं पुन्हा उघडली. खरंच लिहिलेलं नाही. एकानं म्हटलं, बोलण्यात दोघंही विसरले असतील. कोपऱ्यातल्या आजी, ज्यांनी जन्मभर डोक्यावर पाणी आणलं, त्या म्हणाल्या, “तहानेल्या माणसाला आधी पाणी देत्यात पोरी, बोलणं मागून.” मुलगी म्हणाली, “मग ती घागर मागे का ठेवून गेली, आजी? त्याच्यासाठीच ना?” पाळकसाहेबांचं यावर वेगळं मत होतं. ते सांगेपर्यंत चहा झाला, आणि चहा झाल्यावरही कुणी उठेना.