शंभरपैकी शंभर

सप्टेंबर 2009 मध्ये केंद्र सरकारने आपल्या विभागांच्या मूल्यमापनासाठी एक नवी पद्धत स्वीकारली. प्रत्येक विभागाने वर्षारंभी ‘रिझल्ट्स फ्रेमवर्क डॉक्युमेंट’, म्हणजेच आरएफडी, तयार करायचे. त्यात उद्दिष्टे, उद्दिष्टाखाली कृती, कृतीखाली मोजता येईल असा निदर्शक, आणि प्रत्येक निदर्शकाला भारांक. सर्व भारांकांची बेरीज शंभर. लक्ष्यांचे पाच रकाने असत: उत्कृष्ट कामगिरीला 100 टक्के, त्याखाली 90, 80, 70 आणि अखेरीस 60. वर्ष संपले की विभागाच्या साऱ्या कामाचे सार एका गुणांकात उतरे. पुढे यासाठी संगणक प्रणालीही आली. अधीनस्थ कार्यालयांनाही असेच आराखडे करावे लागत, म्हणजे वरचे उद्दिष्ट पायरीपायरीने खाली पोहोचावे अशी कल्पना होती.

त्या काळात मी दिल्लीतील एका मंत्रालयात संचालक होतो आणि आमच्या शाखेचा आराखडा भरण्याचे काम माझ्याकडे होते. अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मी या पद्धतीचे मनापासून स्वागत केले. आपल्याकडे पैसा खर्च झाला की काम झाले, असे मानण्याची जुनी सवय आहे. ती मोडण्यासाठी 2005 मध्ये ‘आउटकम बजेट’ आले होते. आता त्याला वजन आणि गुण मिळत होते. हे चांगलेच होते, असे आजही माझे मत आहे.

आमच्या एका निदर्शकाचे नाव होते ‘प्रशिक्षित क्षेत्रीय कर्मचाऱ्यांची संख्या’. उद्दिष्ट होते गावपातळीवरील सेवा सुधारण्याचे. प्रणालीत उद्दिष्ट सर्वांत वर असे. पण राज्याकडे, तेथून जिल्ह्याकडे आणि जिल्ह्याकडून तालुक्याकडे गेला तो केवळ आकडा. सेवेसाठी प्रशिक्षण आणि प्रशिक्षणाची मोजदाद म्हणून संख्या, हा क्रम दर पायरीला पुसट होत गेला. तालुक्याला एवढेच कळले की मार्चअखेर इतकी माणसे ‘दाखवायची’ आहेत.

त्या वर्षी जानेवारीत पूर्वेकडील एका राज्यातून एका प्रशिक्षिकेचे पत्र माझ्या टेबलावर आले. बाईंनी साध्या हिंदीत लिहिले होते: तीन दिवसांचे प्रशिक्षण आता एका दिवसात उरकले जात आहे, कारण त्याशिवाय संख्या पूर्ण होणार नाही, प्रात्यक्षिकाचा भाग पूर्ण गळला आहे, वरिष्ठांना याची कल्पना असावी म्हणून लिहीत आहे. मी पत्र दोनदा वाचले. प्रणालीत ते नोंदवायला रकाना नव्हता. निदर्शक बदलायचा तर वर्षाच्या मध्यावर वरपर्यंत खुलासे द्यावे लागले असते. मी शेरा मारला: ‘पाहिले. फाइल करावे.’

मार्चअखेर त्या निदर्शकाला शंभरपैकी शंभर गुण मिळाले.

पुढच्या पावसाळ्यात त्याच राज्यात दौऱ्यावर गेलो, तेव्हा एका गावात प्रशिक्षित कर्मचारी भेटली. प्रमाणपत्र तिने भिंतीवर टांगले होते. शिकवलेले उपकरण मात्र डब्यात बंद होते. का, असे विचारल्यावर ती संकोचून म्हणाली, ‘साहेब, त्या दिवशी फक्त लांबून दाखवले होते.’ तिचा काहीही दोष नव्हता. दोष कोणाचा, हे मला पुरते ठाऊक होते. त्या फाइलवर माझी सही होती.

या प्रकाराचे विवेचन अर्थशास्त्रात आहे. होल्मस्ट्रॉम आणि मिलग्रोम यांनी 1991 मध्ये दाखवून दिले की कामाची अनेक अंगे असताना ज्या अंगाचे मोजमाप होते त्यालाच मोबदला जोडला, तर श्रम तिकडेच वाहतात आणि न मोजलेले अंग सुकते. तो निबंध मी वाचलेला होता. वाचलेले वेळेवर आठवणे ही वेगळी गोष्ट आहे!

खाजगी कंपन्यांत आज ‘ओकेआर’ नावाने उद्दिष्टांची अशीच शिडी संगणकावर मांडतात. तिचे मूळ पीटर ड्रकर यांच्या 1954 मधील विचारांत आहे. अँडी ग्रोव्ह यांनी ती इंटेलमध्ये रुजवली आणि जॉन डोअर यांनी 1999 मध्ये गूगलला दिली. त्या परंपरेतील दोन गोष्टी आम्ही घेतल्या नाहीत. एक, आपल्या उद्दिष्टांचा काही भाग खालच्या माणसाने स्वतः ठरवायचा. दुसरी, गूगलमध्ये महत्त्वाकांक्षी लक्ष्याची सुमारे 70 टक्के पूर्ती ही चांगली कामगिरी समजतात; सतत शंभर मिळू लागले तर लक्ष्यच सोपे होते, असा संशय घेतात. आमच्याकडे शंभराहून कमी गुण म्हणजे खुलासा, म्हणून लक्ष्य बेतानेच धरायचे, हे प्रत्येक जण न सांगता शिकला.

2014 नंतर आरएफडीची पद्धत मागे पडली. 2017-18 पासून अर्थसंकल्पासोबत योजनांची ‘आउटपुट’ आणि ‘आउटकम’ वेगवेगळी मांडली जातात. ही निश्चितच प्रगती आहे. तरीही आकडा खाली नेणे संगणकाला सोपे असते आणि आक्षेप वर आणणे कठीण, ही अडचण उरतेच. ते काम माणसालाच करावे लागते.

सध्या माझ्या शाखेत एक साधा नियम आहे. लक्ष्य प्रणालीत भरण्यापूर्वी प्रत्येक अधीनस्थ कार्यालयाला एक प्रश्न विचारायचा: ‘हा आकडा काम बिघडवून गाठायचा झाला, तर तो कसा गाठता येईल?’ उत्तरे प्रामाणिक येतात, कधी कधी लाज वाटावी इतकी. मासिक आढाव्यात आधी ती वाचायची आणि मग आकडे पाहायचे. एका वर्षी यामुळे आम्ही एक लक्ष्य खाली आणले, आणि वर त्याचा खुलासा मला द्यावा लागला. तो खुलासा लिहिताना मला त्या प्रशिक्षिकेचे पत्र आठवत होते. तिला मी उत्तर कधीच पाठवले नव्हते.