विस्तार आणि भराव

2025 च्या उन्हाळी सुटीत धाकट्या भावाकडे फ्रान्सला गेले असताना एक दिवस नीसहून मोनाकोला जाणे झाले. आगगाडीचा प्रवास वीस-पंचवीस मिनिटांचा. स्थानक डोंगराच्या पोटात आहे. जमीन इतकी थोडी, की 1999 साली रेल्वेमार्गच भूगर्भात नेला आणि वरची जागा मोकळी केली. सारा देश जेमतेम दोन चौरस किलोमीटरचा आणि वस्ती अडतीस हजारांच्या आसपास. समोर भूमध्य समुद्र, उरलेल्या बाजूंना फ्रान्स.

मला पाहायचे होते ते तिथले समुद्रविज्ञान संग्रहालय. पहिला आल्बेर हा राजा स्वतः दर्यासंशोधक. त्याने उभारलेली ही वास्तू 1910 साली खुली झाली. पुढे 1957 पासून तीन दशके झाक कुस्तो तिचे संचालक होते. समुद्राविषयीची आस्था या देशाला उसनी आणावी लागलेली नाही, हे तिथे फिरताना मनोमन पटते.

आजच्या धोरणांतही ती दिसते. लार्वोतोच्या किनाऱ्यालगतचे पाणी 1976 पासून संरक्षित आहे. 1999 साली फ्रान्स आणि इटली यांच्यासह मोनाकोने देवमासे व डॉल्फिन यांच्यासाठी अभयक्षेत्राचा करार केला. 2010 साली दोहा येथील वन्यजीव-व्यापारविषयक परिषदेत ब्लूफिन ट्यूनाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी घालावी, हा प्रस्ताव मांडणारा देश मोनाकोच होता. तो बहुमताने फेटाळला गेला. समुद्राच्या पाण्यातील उष्णता वापरून इमारती उबदार ठेवण्याची पद्धत तिथे 1960 च्या दशकापासून आहे. 2030 पर्यंत हरितगृह वायूंचे उत्सर्जन 1990 च्या तुलनेत 55 टक्क्यांनी घटवायचे आणि 2050 पर्यंत कार्बन-तटस्थ व्हायचे, असे उद्दिष्ट जाहीर झाले आहे.

संग्रहालयातून निघून आम्ही किनाऱ्याने चालत मारेतेरा या नव्या वसाहतीत गेलो. झाडे, सावली, सायकलींसाठी वाटा, आणि अतिश्रीमंतांची घरे. डिसेंबर 2024 मध्ये उद्घाटन झालेली ही सुमारे सहा हेक्टर जमीन त्याआधी समुद्र होती. तीही दोन संरक्षित सागरी क्षेत्रांच्या मधोमध. काँक्रीटच्या अठरा प्रचंड पेट्या ओळीने बसवून, आतल्या बाजूस भर घालून ती तयार केली आहे. काळजी घेतली नाही असे म्हणता येणार नाही. पोसिडोनिया नावाचे समुद्री गवत मुळांसकट उचलून दुसरीकडे लावले. शेवाळ-शिंपल्यांना धरता यावे म्हणून पेट्यांचे पृष्ठभाग मुद्दाम खडबडीत ठेवले. याहून मोठी योजना सध्याच्या राजाने 2008 साली बाजूला ठेवली होती, हेही नोंदवायला हवे.

तरीही माझे मन अडले ते एका शब्दापाशी. या प्रकल्पाला तिथे अधिकृतपणे 'समुद्रातील विस्तार' असे म्हणतात. विस्तार झाडाचा होतो, कुटुंबाचा होतो. त्यात कोणाची जागा गेली हे ऐकू येत नाही. इंग्रजीतला 'रेक्लमेशन' हा शब्द तर त्याच्याही पुढे जातो. जणू ती जमीन मुळात आपलीच होती, समुद्राने बळकावली होती आणि आपण ती परत मिळवली. मराठीत मात्र 'भराव' हा साधा, ओबडधोबड शब्द आहे. काहीतरी बुजवले गेले, हे तो लपवत नाही.

पोसिडोनिया वर्षाला काही सेंटिमीटरच पसरते. दुसरीकडे लावलेला तुकडा जगला, तरी मूळ तळ परत येत नाही. हे मान्य करण्यासाठी आधी शब्द खरा लागतो. मोनाकोच्या धोरणांना मी ढोंग म्हणणार नाही. ट्यूनासाठी भांडणारा आणि समुद्रात भर घालणारा देश एकच आहे, आणि दोन्ही कामे त्याने मनापासून केली आहेत. माझ्या मते ढोंगापेक्षा हेच अधिक अस्वस्थ करणारे आहे. जपणूक आणि हव्यास एकाच घरात इतक्या सलोख्याने राहू शकतात, आणि त्यांचा संसार टिकतो तो एका सोज्वळ शब्दाच्या आधाराने.

परतल्यावर बी. ए.च्या वर्गात शब्दशक्ती शिकवताना मी हे उदाहरण घेतले. 'विस्तार' आणि 'भराव' यांचा वाच्यार्थ, त्यांतून सूचित होणारा अर्थ, असे फळ्यावर मांडले. उदाहरण दूरदेशीचे असल्याने सगळे निर्धास्त होते. मग मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, "मॅडम, आपला कोस्टल रोड कशावर आहे?"

मी रोज त्याच रस्त्याने कॉलेजला येते. वीस मिनिटे वाचतात, याचा मला आनंदही होतो. फळ्यावरच्या दोन शब्दांपैकी 'भराव'खाली मी रेघ ओढली आणि तिला तसे सांगितले. त्या दिवशी तास तिथेच थांबला. रस्ता मात्र मी अजून बदललेला नाही.