सांध्यातला प्रायमर

ॲल्युमिनियमच्या पत्र्यात पोलादी बोल्ट बसवला आणि तिथे पाणी मुरलं, की सांध्यापाशी आधी खंगतं ते ॲल्युमिनियम. लोकांना हे उलटं वाटतं, कारण तांबडा गंज डोळ्यांना दिसतो आणि ॲल्युमिनियमची पांढरी भुकटी धूळ समजून पुसली जाते. माझी सगळी नोकरी विमानांच्या पत्राकामात झाली. निवृत्त होऊन गंजाडला आलो, तर इथेही तेच दोन धातू एकमेकांना टेकलेले दिसले. सौर पॅनेलची चौकट ॲल्युमिनियमची, खालचा सांगाडा लोखंडाचा, वर चार महिन्यांचा पाऊस आणि डहाणूकडून येणारा समुद्राचा वारा.

रस्त्याकडेच्या एका फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये मी बसतो. तिथल्या पोरांना विमानाचं भारी वेड. कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीत चारकोपला घराच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं, २०१६ मध्ये ते मुंबईच्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात ठेवलं, २०१७ मध्ये त्याची नोंदणी झाली, हे सगळं त्यांना पाठ आहे. पुढे विमानाच्या कारखान्यासाठी आपल्या पालघर जिल्ह्याचं नाव निघालं, तेही. “काका, आपल्याला जमेल का हो?” असं एकाने विचारलं. त्याला इंजिनाबद्दल ऐकायचं होतं. मी सांध्यांपासून सुरुवात केली, कारण घरी बांधलेलं विमान उडण्यापेक्षा उभंच जास्त राहतं, आणि उभ्या विमानाचं नुकसान सांध्यांत होतं. इंजिनाचा सांगाडा पोलादी नळ्यांचा, धड ॲल्युमिनियमचं. चाकांचे ब्रॅकेट, पंखाच्या मुळाशी असलेले बोल्ट, सगळीकडे हीच जोडी.

दोन वेगळे धातू टेकले आणि त्यांच्यामध्ये खारट ओल आली, की तिथे बारीकशी बॅटरीच तयार होते. ॲल्युमिनियम विरघळत जातं, पोलाद काही काळ वाचतं. ही बॅटरी तोडायचे मार्ग दोनच : धातू एकमेकांना टेकू द्यायचे नाहीत, किंवा पाणी आत जाऊ द्यायचं नाही. विमानात आम्ही दोन्ही करायचो. बोल्टवर कॅडमियमचा मुलामा असतो, कारण कॅडमियम या बाबतीत ॲल्युमिनियमच्या जवळचं. टेकणाऱ्या दोन्ही पृष्ठभागांवर झिंक क्रोमेटचा हिरवट-पिवळा प्रायमर आणि बोल्ट ओल्या प्रायमरमध्ये किंवा सीलंटमध्ये बुडवूनच आत. थर मात्र पातळ हवा. जाड रंग दाबाखाली बसत जातो आणि बोल्ट सैल होतो. क्रोमेट आणि कॅडमियम दोन्ही विषारी, त्यामुळे जुना भाग कोरडा घासू नका, हे मी पोरांना दटावून सांगतो.

पोरांना खरी समज आली ती एका पंपाच्या पेटीमुळे. लोखंडाच्या मोठ्या पत्र्यावर कुणीतरी ॲल्युमिनियमचे पॉप रिबिट मारले होते. बोट लावताच डोकी निघून आली. पोरं चकित झाली, कारण शेजारीच ॲल्युमिनियमच्या रुंद पट्टीत बसलेला पोलादी बोल्ट बऱ्यापैकी शाबूत होता. जोडी तीच, पण हिशेब क्षेत्रफळाचा. खंगणारा धातू छोटा आणि त्याच्यासमोर पोलाद मोठं असेल, तर सगळा मारा त्या छोट्यावर पडतो. उलट असेल तर नुकसान पसरतं आणि सावकाश होतं. म्हणून माझं ठाम मत आहे : लोखंडी पत्र्यावर उघडे ॲल्युमिनियम रिबिट मारू नयेत. “मग सगळीकडे एसएस लावू,” असं एक जण म्हणाला. स्टेनलेस स्वतः टिकतं, पण ॲल्युमिनियमला साध्या लोखंडाइतकंच छळतं, कधी जास्तच. छोटा बोल्ट आणि मध्ये सीलंट असेल तर चालतं. सांगाड्याला जीआय बरं, त्यावरचं जस्त आधी झिजतं. अर्थिंगची उघडी तांब्याची तार ॲल्युमिनियमच्या चौकटीला गुंडाळणं सगळ्यांत वाईट, तिथे कथिलाचा मुलामा दिलेला लगच हवा. आणि ॲल्युमिनियमवर शिसपेन्सिलने खूण करायची नाही. त्यातलं ग्राफाइट तांब्यासारखंच वागतं. हँगरात पेन्सिल दिसली की आमचे उस्ताद ती काढून घेत.

सांगून पटण्यासारखी ही गोष्ट नाही, म्हणून विमानाबद्दल विचारणाऱ्या त्या पोराकडून मी दोन जोड्या करवून घेतल्या. ॲल्युमिनियमची पट्टी, त्यावर लोखंडी ब्रॅकेट. एक कोरडी, दुसरी प्रायमर लावून. दोन्ही पावसाळाभर शेडच्या छपरावर पडून होत्या. दसऱ्याला उघडल्या. कोरडीत ब्रॅकेटखाली पांढरी भुकटी आणि खड्डे होते. प्रायमरवाली स्वच्छ होती, फक्त भोकाच्या कडेला पांढरं कडं धरलेलं. ते बघून तो स्वतःच म्हणाला, “भोक नंतर पाडलं ना मी, प्रायमर तिथनं उडाला.” आता तो आधी भोक पाडतो, कडा घासून पुसून घेतो आणि मगच प्रायमरचा डबा उघडतो.