ओळ हलता कामा नये

चष्म्याचा नंबर वाढला आणि अंक वाचायच्या माझ्याच ॲपशी माझं भांडण सुरू झालं. अक्षर मोठं करायची पट्टी मीच आखलेली. तिचं उजवं टोक म्हाताऱ्यांसाठी, अशी माझी समजूत होती. आता रोज तिथेच मुक्काम, आणि पट्टी सरकवली की वाचत होतो ती ओळ गायब, समोर भलताच परिच्छेद.

फोनवर पान ही अफवा आहे, हे या धंद्यातल्या कुणाला सांगायला नको. त्यामुळे बरेच जण टक्के साठवतात. वाचक 43 टक्क्यांवर थांबला, पुन्हा तिथून उघडा. पण मधलं एखादं चित्र उशिरा उतरलं की त्या 43 टक्क्यांवर दुसराच मजकूर येतो. नव्या रचनेत आम्ही परिच्छेद आणि त्यातलं कितवं चिन्ह, अशी खूण ठेवतो. इथे देवनागरी आडवी आली. ‘स्त्री’ हे आपल्याला एक अक्षर, यंत्राच्या हिशेबी सहा चिन्हं. खूण अधेमध्ये पडली तर ओळीच्या सुरुवातीला एकटी वेलांटी, ठिपक्यांच्या वर्तुळाला टेकून उभी. शिवाय अंक निघाल्यावर संपादकांनी राहून गेलेला एखादा अनुस्वार दिला, की त्या परिच्छेदातल्या पुढच्या सगळ्या खुणा एकेक घर सरकतात.

हे सुटतं, सुटलं. नजरेचं काय करायचं? पडद्यावरची सगळ्यात वरची ओळ मी जागच्या जागी धरून ठेवू शकतो, पण वाचक तिथे नसतोच. तो चार ओळी खाली असतो, आणि अक्षर वाढलं की त्याची ओळ पडद्याखाली जाते. त्यात भर म्हणजे पट्टीचा तो चौकोन खालून वर येतो आणि अर्धा पडदा झाकतो. म्हणजे ज्या ओळीसाठी अक्षर मोठं करतोय, ती ओळच दिसत नाही.

मी कसाऱ्याला चढतो. लोकल इथूनच सुटते, त्यामुळे खिडकी मिळते आणि पुढे सीएसएमटीपर्यंत अडीच तास. घाट उतरून शेअर टॅक्सीने आलेले नाशिककरही याच गाडीत बसतात. खर्डी-आटगावच्या पट्ट्यात रेंज येते-जाते, तेव्हा ज्यांनी काही उतरवून ठेवलंय तेच वाचत राहतात. दुसऱ्याच्या फोनमध्ये डोकावू नये हे मला कळतं, पण माझं पोट त्यावर आहे. वयस्क माणसं डावा अंगठा समासात, वाचत्या ओळीशी टेकवतात. तरुण पोरं अंगठ्याने मजकूर सतत वर ढकलत राहतात. दोघांतही तळाशी नजर ठेवून वाचणारा जवळपास कुणी नाही. वरच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास सगळ्यांचं बिऱ्हाड. म्हणून आता तिथली ओळ धरायची, बाकीचा मजकूर तिच्या वर-खाली पसरू द्यायचा. पट्टीही चौकोनातून काढून एका बारीक रेघेवर आणली.

आमच्याकडे नुकतीच लागलेली शहापूरची मुलगी म्हणते, “दादा, एवढं कोण बघतंय? लोक अंक उघडतात, मुखपृष्ठ बघतात, बंद करतात.” तिच्याकडे आकडे आहेत. मी तिला विषय बदलून दुसरं काम देतो.

माझं थोडंफार नाव झालं ते मात्र पान उलटण्याच्या नकलेमुळे. कोपरा वळायचा, घडीवर सावली पडायची, मागच्या बाजूची अक्षरं पुसटशी उलटी दिसायची. लग्नकार्यात मी पाहुण्यांना फोन काढून दाखवायचो. नव्या रचनेत ते काढायचं ठरलं तेव्हा वर्गणीदार नाराज होतील, वाचकांची सवय मोडेल, असं काय काय मी बैठकीत बोललो. त्या नकलेने वाचायला काडीची मदत होत नव्हती. लोक ‘वा’ म्हणायचे, तेवढं मला हवं होतं.

तरी माझी नक्कल परवडली. का. र. मित्रांनी 1909 साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून अंक मांडणं ही आपल्याकडे एक कला आहे. आणि आज छापखान्याची दोन रकानी पीडीएफ फोनवर ढकलून तिला डिजिटल आवृत्ती म्हणतात! एक रकाना उतरायचा, पुन्हा वर चढायचं, मग उजवीकडे सरकायचं. ठाण्याचं ई साहित्य प्रतिष्ठान वर्षानुवर्षं फुकट पुस्तकं वाटतंय, त्यांच्या पीडीएफबद्दल मी तोंड उघडणार नाही. पैसे घेणाऱ्यांचं काय? किंडलवर 2016 च्या डिसेंबरात मराठी पुस्तकं आली, तेव्हा तिथले पानाऐवजी येणारे लोकेशनचे आकडे पाहून मी नाक मुरडलं होतं. आता ते पटतात, याचाच जास्त राग येतो.

सध्या संपादकांशी वाद चालू आहे तो पानक्रमांकावरून. कुणी फोनवर म्हणालं, “84 वर ती कथा आहे, बघ,” तर ॲपवाल्याला ती सापडली पाहिजे, हा त्यांचा आग्रह. अखेर छापील क्रमांक करड्या रंगात समासात घेतला. सगळ्यात मोठं अक्षर लावलं की तो तिथे मावत नाही, आणि नेमक्या त्याच समासात अंगठा टेकलेला असतो.