पंख असूनही

‘विहग’ म्हणजे आकाशमार्गानें जाणारा. त्यास डोंगर-दऱ्यांची अडचण कसली, असें आम्हीं वर्गांत तीस वर्षें सांगत आलों. एकदां एका विद्यार्थ्यानें विचारलें, “गुरुजी, मग डोंगराडोंगरांतले पक्षी निरनिराळे कां?” उत्तर ठाऊक नव्हतें, म्हणून ‘खालीं बैस’ असें दरडावून आम्हीं तास पुढें रेटला. त्या मुलानें पुन्हां प्रश्न विचारला नाहीं.

सेवानिवृत्तीनंतर प्राणिशास्त्र शिकणाऱ्या पुतण्यानें एक निबंध आम्हांस वाचून दाखविला, तेव्हां तो प्रसंग आठवला. सह्याद्रि हा अखंड तट नव्हे. दक्षिणेस निलगिरि व अनैमलै यांच्या मध्यें पालघाटची खिंड आहे; तिची रुंदी सुमारें ३० ते ४० किलोमीटर. दोहों बाजूंच्या माथ्यांवर ‘शोला’ नांवाचीं थंड, दमट अरण्यें. खिंडींत मात्र उष्ण सखल प्रदेश. शोलांतील कित्येक लहान पक्षी जमिनीलगतच्या दाट सावलींतच वावरतात. एवढें ऊन ओलांडण्याची त्यांची प्रकृतीच नव्हे.

सन २०१५ मध्यें प्रसिद्ध झालेल्या त्या निबंधांत नऊ ठिकाणांच्या २३ जातींतील ३५६ पक्ष्यांचीं आनुवंशिक लक्षणें ताडून पाहिलीं आहेत. १० जातींत सर्वांत जुनी फाळणी पालघाटापाशीं आढळली. त्यांपैकीं कांहींची पुढें अरुंद खिंडींपाशींही झाली. बहुतेक फाळण्या हिमयुगांच्या काळांतील. हवामान थंड-उष्ण होई, तशीं डोंगरी अरण्यें पसरत व आक्रसत. पक्ष्यांचीं कुळेंही जवळ येत आणि दुरावत. मात्र सर्व फाळण्या एकाच वेळीं झाल्या नाहींत, आणि उरलेल्या १३ जातींवर खिंडीचा ठसाच उमटला नाहीं. जशी ज्याची प्रकृति, तशी त्याची सीमा!

शोलाकिळीचेंच पाहा. निलगिरीवरील पक्ष्याच्या कुशी तांबूस, पालघाटच्या दक्षिणेकडील पक्ष्याच्या निळसर. फार दिवस दोन्ही एकाच जातीचे मानीत. आज ते भिन्न गणले जातात.

निसर्गानें ह्या फाळण्या लक्षावधि वर्षांत घडविल्या. मनुष्यानें मात्र दोनशे वर्षांच्या आंतच शोला तोडून चहाचे मळे केले, लगतच्या गवताळ माळांवर निलगिरीचीं झाडें व परदेशी बाभळी लाविल्या, आणि नव्या खिंडी पाडिल्या. त्या पक्ष्यांनीं कशा ओलांडाव्या?

गेल्या वैशाखांत एका लग्नघरीं तो विद्यार्थी भेटला; आतां केस पिकलेले. आम्हीं त्याला बाजूस घेऊन प्रथम क्षमा मागितली व मग उत्तर सांगितलें. तो हंसून म्हणाला, “गुरुजी, हें माझ्या मुलीला सांगा. ती मला असेंच विचारीत असते, आणि मीही तिला गप्प बसवितों.”

दुसऱ्या दिवशीं ती मुलगी आमच्या घरीं आली. आम्हीं नकाशा पसरला, आणि तिला आधीं विचारूं दिलें.