आकाशाचे पट्टे

मोरगावात वाढलेल्याला अष्टविनायकाचा शास्त्रोक्त क्रम पाठ असतो: मोरगाव, सिद्धटेक, मग एकदम रायगडातली पाली, महड, आणि पुण्याशेजारचं थेऊर त्यानंतर. यात्रा कंपन्यांच्या गाड्या तो पाळत नाहीत; वाटेत जे जवळ, ते आधी. डेटाबेस जलद करण्याच्या माझ्या धंद्यातलं निम्मं काम हेच.

उदाहरण आकाशाचंच घ्या. खोडदच्या जीएमआरटीच्या, म्हणजे ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांच्या दुर्बिणीच्या, १५० मेगाहर्ट्झवरच्या सर्वेक्षणाची यादी २०१७ साली प्रसिद्ध झाली. त्यात सुमारे ६.२ लाख रेडिओस्रोत आहेत. अमेरिकेतल्या एनव्हीएसएस या वेगळ्या कंप्रतेवरच्या जुन्या यादीत सुमारे १८ लाख. दोन्हींतला एकच स्रोत जुळवला, की त्याचं तेज कंप्रतेनुसार कसं बदलतं ते कळतं. पण प्रत्येकाला प्रत्येकाशी ताडायचं तर एक लाख कोटींहून जास्त तुलना! इथे लोक मोठं यंत्र मागतात. मी आधी विचारतो, टेबलात नोंदी कुठल्या क्रमाने आहेत? बहुधा आल्या तशा भरलेल्या असतात.

स्लोन या आकाश-सर्वेक्षणाच्या डेटाबेसवर काम करणाऱ्या जिम ग्रे, अॅलेक्स सालाय यांची युक्ती मला फार आवडते. क्रांती आणि विषुवांश हे आकाशाचे अक्षांश-रेखांशच. क्रांतीनुसार अरुंद पट्टे पाडायचे आणि पट्ट्यातल्या नोंदी विषुवांशाने लावायच्या. मग शेजारी शोधायला तो पट्टा आणि फार तर वरचा-खालचा, त्यातही छोटासा सलग तुकडा वाचला की झालं. खरी गंमत कडेला आहे. विषुवांश ३५९.९ अंश आणि ०.१ अंश आकाशात शेजारी, टेबलात दोन टोकांना; म्हणून कडेच्या नोंदींची एक प्रत पलीकडेही ठेवावी लागते. ध्रुवाकडे विषुवांशाच्या रेषा एकवटतात, तिथे शोधाची खिडकी रुंद करावी लागते.

शोध जलद करायला टेबलाला जोडतात त्या सूचींची, म्हणजे इंडेक्सांची, खैरात मात्र मला पटत नाही. प्रत्येक इंडेक्स नवी नोंद लिहिणं जड करतो. एकदा छापून झालेल्या यादीला ते चालतं. दुर्बिणीकडून अखंड येणारा डेटा आधी नुसता ओतून घ्यावा, क्रम सवडीने लावावा.

ग्रे टेबल आखण्याआधी शास्त्रज्ञांकडून त्यांचे सगळ्यात महत्त्वाचे २० प्रश्न मागून घेत. मीही मागतो. पाचव्या-सहाव्या प्रश्नापाशी खगोलवाल्यांची आपसातच जुंपते, आणि टेबल कसं आखायचं ते मला त्या भांडणातून कळतं.