फाइल उघडंना झालीय

"तांत्रिक नको, अनुभव लिहा," असं संपादकांनी बजावलं आहे. प्रयत्न करतो. पण माझा अनुभवच तांत्रिक, त्याला काय करणार? व्हिडिओ एडिटिंगच्या बिघडलेल्या प्रोजेक्ट फाइली दुरुस्त करणं आणि मुळात त्या बिघडू नयेत म्हणून स्टुडिओंची घडी बसवून देणं, हा माझा धंदा. तुळशीचं लग्न लागलं की लग्नाच्या शूटिंगवाल्यांचे फोन सुरू होतात, ते पाऊस पडेपर्यंत.

प्रोजेक्ट फाइलमध्ये चित्र नसतं, हे पहिल्यांदा सांगायला हवं, कारण मालकांनाही ते माहीत नसतं. फुटेज वेगळं, ते टेराबाइटमध्ये मोजायचं. प्रोजेक्ट फाइल बहुधा काही एमबींची. कुठल्या क्लिपचा कुठून कुठपर्यंतचा तुकडा घ्यायचा, कशाला जोडायचा, रंग किती, आवाज किती, एवढंच तिच्यात लिहिलेलं असतं. म्हणजे एडिटरने महिनाभर खुर्चीत बसून घेतलेले सगळे निर्णय. लोक फुटेजच्या दोन-दोन कॉप्या काढतात आणि हे निर्णय एका डिस्कवर ठेवून जेवायला जातात.

गेल्या लगीनसराईत सांगलीकडच्या एका मुलाचा फोन आला. "सर, फाइल उघडंना झालीय. व्हायरस असंल." व्हायरस नव्हता. सेव्ह होत असतानाच लाइट गेली होती. "इन्व्हर्टर हाय की आमच्याकडं," म्हणाला. साधा घरगुती इन्व्हर्टर लाइट गेल्यावर क्षणभर थांबून मग भार उचलतो. तो क्षण पंख्याला कळत नाही, कॉम्प्युटरला कळतो. ऑटोसेव्ह? "काम करताना अडकतंय म्हणून बंद केलं."

त्याचं काम प्रीमियर प्रो या एडिटिंग सॉफ्टवेअरवर होतं. प्रीमियरची फाइल म्हणजे जीझिप पद्धतीने दाबून लहान केलेला एक्सएमएल मजकूर. उलगडली तर टेक्स्ट एडिटरमध्ये वाचता येते. आत प्रत्येक वस्तूला, म्हणजे क्लिप, ट्रॅक, सीक्वेन्स यांना, एकेक क्रमांक असतो आणि त्या एकमेकींना क्रमांकाने हाक मारतात. या फाइलचा पुढचा भाग धड होता, मागे नुसती शून्यं. जीझिप सुरुवातीपासून ओळीने उलगडत जातं, त्यामुळे जिथे खराबी तिथून पुढचं गेलंच. मी मिळालं तेवढं उलगडलं, हरवलेल्यांना मारलेल्या हाका एकेक करून काढल्या, उघडे राहिलेले टॅग बंद केले. प्रोजेक्ट उघडला. हळद होती, अक्षता होत्या, वरात होती.

"सर, सगळं आलं ना?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजून नाही. जे गेलं त्याची यादी फाइलमध्ये नसते. त्याला करवल्यांचा एक सीक्वेन्स आठवत होता; पण तो केला होता की करायचा राहिला होता, हे त्यालाच नक्की सांगता येईना. मी बिल घेतलं. ते घ्यावं की नाही, यावर मात्र बराच वेळ गेला.

आता संपादकांची माफी मागून एक्सफॅटबद्दल. डिस्कवर फाइली मांडायची ही एक पद्धत, आणि त्या मुलाची डिस्क एक्सफॅट होती. बाजारात फिरणाऱ्या बऱ्याच असतात, कारण विंडोज आणि मॅक दोन्हींवर लिहिता-वाचता येतं. मायक्रोसॉफ्टने 2006 मध्ये हे आणलं ते मुख्यतः फ्लॅश मेमरीसाठी. त्यात जर्नल नाही. जर्नल म्हणजे वाण्याची कच्ची वही: आधी तिथे टिपायचं, मग पक्क्या खात्यात चढवायचं, मध्येच लाइट गेली तर कच्ची वही बघून हिशेब लावता येतो. विंडोजचं एनटीएफएस अशी वही ठेवतं. मॅकवरचं एपीएफएस जुनी नोंद शाबूत ठेवून नवी दुसऱ्या जागी लिहितं. एक्सफॅटवर यातलं काही नाही.

आमच्यातले जुने लोक इथे हसतात. "आम्ही वर्षानुवर्षं एक्सफॅटवर काढली, काय झालं?" काही झालं नसेल. शिवाय त्यांची एक गोष्ट खरी आहे: एनटीएफएसची वही डिस्कच्या हिशेबाची असते, तुमच्या फिल्मची नसते. फाइलचं नाव बरोबर, आकार बरोबर आणि आत सगळी शून्यं, असं एनटीएफएसवरही होतं. तरी माझं म्हणणं सोडत नाही. फुटेज एकदाच लिहिलं जातं. ते खुशाल एक्सफॅटवर ठेवा. प्रोजेक्ट फाइल मात्र महिनोन्‌महिने दिवसातून कितीतरी वेळा पुन्हा लिहिली जाते. ती मशिनच्या आतल्या डिस्कवरच हवी. बाहेरची डिस्क तर लोक इजेक्ट न करता ओढून काढतात. कॅशमधलं लिहायचं राहिलेलं तिथेच संपतं.

ॲव्हिड हे सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांना एकाच फाइलीत सगळं अडकण्याचं दुखणं कमी. त्यांच्याकडे प्रत्येक बिनची, म्हणजे क्लिप ठेवायच्या कप्प्याची, फाइल वेगळी, एक बिघडली तरी बाकीच्या वाचतात, आणि जुन्या प्रती ॲटिक नावाच्या फोल्डरात आपोआप पडतात. प्रीमियरने मोठ्या कामाचे छोटे प्रोजेक्ट करून एकत्र ठेवायची 'प्रॉडक्शन्स' ही सोय 2020 मध्ये दिली. दाविंची रिझॉल्व्ह हे तिसरं सॉफ्टवेअर प्रोजेक्टचं सगळं डेटाबेसमध्ये ठेवतं. त्यामुळे लोक फुटेजचं फोल्डर कॉपी करतात आणि प्रोजेक्ट घेतला असं समजतात. तो वेगळा एक्स्पोर्ट करावा लागतो.

ऑटोसेव्हवरही लोकांचा भलताच विश्वास. तो ठरावीक संख्येने प्रती ठेवतो आणि पुढे जुन्या पुसत जातो. एखादा सीक्वेन्स आतून बिघडला आणि कोणाच्या लक्षात आलं नाही, तर काही दिवसांत ठेवलेल्या सगळ्याच प्रती बिघडलेल्या. म्हणून ऑटोसेव्ह चालू ठेवा, त्याचं फोल्डर दुसऱ्या डिस्कवर वळवा, आणि रोज संध्याकाळी तारखेच्या नावाने एक वेगळी प्रत काढा. तीही तिसरीकडे. सिंक होणाऱ्या क्लाउड फोल्डरात चालू प्रोजेक्ट उघडून बसू नका. तिथे बंद फाइलच ठेवा. डेस्कटॉपला यूपीएस लावा. ड्रोनला पैसे असतात, यूपीएसला नसतात, हे कोडं मला सुटलेलं नाही.

आणि काढलेली प्रत अधूनमधून दुसऱ्या मशिनवर उघडून बघा. हे कोणीच करत नाही. एका स्टुडिओच्या मालकांनी विचारलं, "त्यासाठी एडिटरचा वेळ मी कुठून देऊ?" तेव्हापासून त्यांच्या बिलात मी एक वेगळी ओळ टाकतो आणि महिन्यातून एकदा जाऊन प्रती स्वतः उघडतो. बिल आलं की त्या ओळीवर ते दरवेळी घासाघीस करतात.